दानिएले दे रॉसीने रोमा सोडायला हवं होतं का?

मध्यरेषा

२००६ च्या विश्वविजेत्या इटलीच्या मधल्या फळीचा विषय निघाला की गाडी पिर्लो आणि गॅटुसो या दोन नावांवर येऊन थांबते. तिसऱ्याचं नाव निघालंच तर कोपर मारून रेड कार्ड खाणारा म्हणून निघतं. मला त्या तिसऱ्याबद्दल, दानिएले दे रॉसीबद्दल, धागा काढायचा होता.

थोडक्यात ओळख. जन्म २४ जुलै १९८३, ओस्तिया. वडील अल्बेर्तो रोमा क्लबच्या युवा संघाचे प्रशिक्षक होते. २००१ मध्ये अँडरलेख्टविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये रोमाकडून पहिला सामना, २०१९ मध्ये पार्माविरुद्ध शेवटचा. मध्ये ६१६ सामने, ६३ गोल. रोमासाठी याहून जास्त सामने फक्त टॉटी खेळला आहे. इटलीसाठी ११७ सामने आणि २१ गोल. पुढे काही महिने बोका ज्युनियर्स आणि जानेवारी २०२० मध्ये निवृत्ती.

आता दुसरी बाजू. रोमाबरोबर त्याला मिळालं काय? दोन कोप्पा इतालिया (इटलीचा चषक) आणि एक सुपरकोप्पा. लीग एकदाही नाही. ऐन उमेदीत मँचेस्टर सिटी आणि रेआल माद्रिदची नावं त्याच्याशी जोडली जात होती, पण २०१२ च्या फेब्रुवारीत त्याने रोमाशीच नवा करार केला. रोमाला द्यायला आपल्याकडे एकच कारकीर्द आहे, एवढीच खंत वाटते, असं तो म्हणाला होता.

माझं मत स्पष्ट आहे. तो थांबला ते योग्यच केलं, आणि कपाट रिकामं राहिलं म्हणून त्याची कारकीर्द वाया गेली असं म्हणणाऱ्यांनी त्याला नीट पाहिलेलंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता

सोडायला हवं होतं. नि:संशय.

पिर्लोचं उदाहरण घ्या. ब्रेशा, इंटर, मिलान, युव्हेंटस. सहा वेळा लीग, दोनदा चॅम्पियन्स लीग. त्याच्यावर कुणी बेइमानीचा शिक्का मारला का? खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकी असतात. ज्या क्लबात मालकांकडे पैसा नाही आणि कोच दर दोन वर्षांनी बदलतो तिथे ती घालवायची आणि वर तिला निष्ठा म्हणायचं, हे मला पटत नाही. शिवाय २०१२ च्या करारानंतर तो लीगमधल्या सर्वाधिक पगार घेणाऱ्या इटालियन खेळाडूंपैकी एक होता. त्याने पोटाला चिमटा काढून तिथे दिवस काढले, असं काही नव्हतं.

चर्चगेट_स्लो

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

जुना_कट्टेकरी

स्पष्टवक्ता, पगाराचा मुद्दा मान्य. पण 'लीग एकदाही नाही' या तीन शब्दांत किती काय दडलंय ते जरा सांगतो, कारण ती वर्षं मी रात्री जागून पाहिली आहेत.

१८ मे २००८. लीगचा शेवटचा दिवस. इंटर एका गुणाने पुढे. रोमाचा सामना कटानियात, इंटरचा पार्मात. व्हुचिनिचने आठव्या मिनिटाला रोमाला पुढे नेलं. तिकडे पार्मात ०-० आणि धो धो पाऊस. म्हणजे त्या घडीला रोमा चॅम्पियन! मग दुखापतीतून परतलेला इब्राहिमोविच बेंचवरून उठून मैदानात आला आणि त्याने दोन गोल ठोकले. इंटर ८५, रोमा ८२.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. १६ मे २०१०. रोमा किएव्होच्या मैदानावर मध्यंतराला २-० ने पुढे, आणि त्यातला दुसरा गोल दे रॉसीचा. इंटर सिएनात ०-०. दोघांचे गुण सारखे झाले असते तर आपसातल्या निकालांवर रोमा पुढे होती, कारण मार्चमध्ये तिने इंटरला २-१ हरवलं होतं (त्यातही पहिला गोल दे रॉसीचाच). ५७ व्या मिनिटाला मिलितोने सिएनात गोल केला आणि खेळ खलास. इंटर ८२, रोमा ८०.

२०१३-१४ मध्ये रोमाने पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. मोसमाअखेर ८५ गुण. एरवी एवढ्या गुणांवर लीग खिशात यायला हवी. त्या वर्षी युव्हेंटसने १०२ केले.

तेव्हा जिंकता न येणाऱ्या संघात तो खितपत पडला होता, हे चित्र खरं नाही. दोनदा घास तोंडाशी येऊन गेला. अशा वेळी माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. मीही तेच म्हणालो असतो.

शिट्टी

२०१० चं रोमाने स्वतःच्या हाताने घालवलं. एप्रिलमध्ये अव्वल असताना घरच्या मैदानावर साम्पदोरियाकडून १-२. टॉटीचा गोल, मग पाझिनीचे दोन. तो सामना आठवला की आजही जीव तुटतो.

पेठेतला_गोली

कोल्हापूरकर हजर!

मध्यरेषा, धागा एक नंबर. आमच्याकडं हा प्रश्न दर हंगामाला निघतो, फक्त नावं वेगळी असतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा खंडोबा विरुद्ध शिवाजी असली की पेठेत दुकानं लवकर बंद होतात. पोरगं ज्या तालमीच्या गल्लीत जन्मलं, त्या तालमीचीच जर्सी घालणार हे धरूनच चालतात सगळे. आणि एखादा चांगला पोरगा पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीकडून उतरला की मग बघा. चहाच्या गाड्यावर त्याच्याशी कोण बोलत नाही.

माझ्या मामाचा पोरगा असाच गेला दुसऱ्या संघात. तिथं त्याला खेळायला मिळालं, बक्षीस मिळालं, चार पैसे मिळाले. घरात आजोबा मात्र वर्षभर त्याच्याशी तुटकच बोलले. मला दोघांचंही पटत होतं.

म्हणून म्हणतो, स्पष्टवक्ता यांचं गणित चुकीचं नाही. पण गल्लीतल्या पोराला ते गणित लागू करता येत नाही. दे रॉसी रोमाचा खेळाडू होता हे नंतरचं. त्याआधी तो रोमाचा पोरगा होता.

स्पष्टवक्ता

भावा, भावना कळली. पण मामाच्या पोराने योग्यच केलं, हे तुम्हीच सांगताय की.

पेठेतला_गोली

केलंच की. आजोबांना कोण सांगणार?

मांडवीकाठ

गोव्याहून नमस्कार. आमच्याकडे ब्राझील आणि पोर्तुगालवाले पायलीला पन्नास, इटलीवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी त्यातला एक.

२००६ च्या विश्वचषकाच्या, बर्लिनच्या अंतिम सामन्यातल्या पेनल्टी आठवतात का कुणाला? क्रम असा होता: पिर्लो, मॅटेराझी, दे रॉसी, देल पिएरो, ग्रोसो. यातला मॅटेराझी आम्हां गोवेकरांच्या जिव्हारी लागलेला आहे. डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलचा अंतिम सामना. ८७ व्या मिनिटाला एफसी गोवा २-१ ने पुढे. आख्खं स्टेडियम नाचत होतं. मग ९० व्या मिनिटाला आमच्याच गोलकीपरकडून स्वयंगोल, आणि भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल. चेन्नईयिन ३-२. त्यांचा कोच मॅटेराझी.

विषयांतराबद्दल माफी नाही, ते दुःख कुठेतरी मांडायचंच होतं. :)

पण मूळ मुद्दा दे रॉसीच्या त्या पेनल्टीचा. त्याच विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध २८ व्या मिनिटाला त्याने मॅकब्राइडला कोपर मारलं. मॅकब्राइडच्या चेहऱ्यावरून रक्त वाहत होतं. चार सामन्यांची बंदी. चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रेलिया, युक्रेन, जर्मनी असे चार सामने बाहेर बसला. सगळा देश त्याच्यावर संतापलेला. आणि अंतिम सामन्यात ६१ व्या मिनिटाला कोच लिप्पी कुणाला आत घेतो? त्यालाच, आणि तेही टॉटीच्या जागी. शूटआऊटमध्ये तिसरी पेनल्टी त्याची. वय अजून २३ सुद्धा नाही. चेंडू ठेवला, धावत आला आणि वरच्या कोपऱ्यात हाणला. मला विचाराल तर ग्रोसोच्या पेनल्टीपेक्षा ती अवघड होती. ग्रोसो चुकला असता तरी सामना संपत नव्हता आणि त्याच्या नावावर कुठलं पापही नव्हतं. दे रॉसी चुकला असता तर त्याला रोममध्येसुद्धा घराबाहेर पडता आलं नसतं.

चर्चगेट_स्लो

मांडवीकाठ, ग्रोसोने अख्ख्या देशाला रस्त्यावर आणलं, दे रॉसीने फक्त चुकवली नाही. तरी तुमचं म्हणणं पटतंय.

रानपाखरू

सर्वजण बर्लिन सांगतात, व्हिएन्ना कुणी सांगत नाही. युरो २००८, स्पेनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, शूटआऊट. तिथे कासियासने दे रॉसीची पेनल्टी अडवली आणि दि नतालेचीही. इटली बाहेर. दोन वर्षांत तोच माणूस पेनल्टीच्या दोन्ही टोकांना उभा राहिला.

मध्यरेषा

रानपाखरू, बरोबर. आणि तरीही पुढे रोमासाठी आणि इटलीसाठी पेनल्टी घ्यायला तो पुढे येतच राहिला. मला त्याच्यातलं हेच आवडतं.

वैद्यबुवा_नागपूर

एक शंका. हा माणूस एवढा थोर, तर मग मारामाऱ्या का करत होता? मॅकब्राइडचं तुम्ही सांगितलंत. २०१२ च्या डर्बीत, म्हणजे शहरातल्याच लाझियोविरुद्धच्या सामन्यात, त्यांच्या माउरीला ठोसा, रेड कार्ड. २०१७ मध्ये जेनोआविरुद्ध लापादुलाला थप्पड, व्हीएआरने पकडलं, रेड कार्ड आणि पेनल्टी, जिंकत आलेला सामना १-१. तेव्हा तो कॅप्टन होता आणि वय ३४. विशीत समजू शकतो. चौतिशीत कॅप्टनने असं करायचं?

त्याच्या पोटरीवर एक टॅटू आहे. रस्त्यावर धोक्याची सूचना देणारा त्रिकोणी फलक असतो ना, तसा. आत घसरत टॅकल करणारा माणूस आणि दुसरा पडणारा. म्हणजे स्वतःबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. मला ते गमतीचं वाटत नाही.

जुना_कट्टेकरी

वैद्यबुवा, लापादुलाच्या प्रकरणाला माफी नाहीच. कॅप्टनचा पट्टा दंडाला बांधल्यावर तर मुळीच नाही.

पण मग मार्च २००६ चा मेसिनाविरुद्धचा सामनाही लक्षात घ्या. दे रॉसीने गोल केला, रेफ्रीने दिला. हा स्वतः रेफ्रीकडे गेला आणि म्हणाला की चेंडू हाताला लागलाय. गोल रद्द. इटलीत, त्या काळात! त्याच मोसमाच्या अखेरीस सामन्यांच्या रेफ्री नेमणुकांचं मोठं प्रकरण बाहेर आलं आणि युव्हेंटसला खालच्या श्रेणीत जावं लागलं. त्या वातावरणात एक २२ वर्षांचा पोरगा स्वतःचा गोल परत करतो. आणि तीन महिन्यांत तोच पोरगा विश्वचषकात कोपर मारतो.

एकाच माणसात दोन्ही होतं. मला तरी त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

अनुजा_रोम

नोकरीनिमित्त बरीच वर्षं रोममध्ये आहे. मराठीत दे रॉसीवर धागा दिसेल असं वाटलं नव्हतं, खूप बरं वाटलं.

ओस्तियाबद्दल सांगते, कारण इथल्या लोकांसाठी तो मुद्दा मोठा आहे. पोर्ता सान पाओलोहून लोकल पकडली की ती समुद्रापर्यंत जाते. ओस्तिया प्रशासकीयदृष्ट्या रोम शहरातच येतं, पण मध्यवस्तीतल्या लोकांना ते वेगळंच गाव वाटतं. उन्हाळ्यात टॉवेल, छत्र्या आणि पोरंबाळं घेऊन डबे खच्चून भरतात, हिवाळ्यात तिथे वारा आणि बंद स्टॉल. टॉटी शहराच्या आतल्या पोर्ता मेत्रोनियाचा, हा समुद्राकडचा. बोलण्याची ढब पक्की रोमन. मुलाखतीत तो बोलतो तेव्हा कार्यालयातले माझे सहकारी हसतात, आपल्या घरातला कुणीतरी बोलतोय असं त्यांना वाटतं.

इथे त्याला 'कापितान फुतुरो' म्हणत, म्हणजे भावी कर्णधार. टॉटी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे मे २०१७ पर्यंत तो भावीच राहिला. कर्णधाराचा पट्टा दंडाला आला तेव्हा ३४ वर्षांचा व्हायला आला होता. पुरे दोन मोसम मिळाले. कुणी म्हणेल की टॉटीच्या सावलीत करपला. त्याच्या तोंडून मात्र मी तशी तक्रार कधी ऐकली नाही.

शेवटचा सामना, २६ मे २०१९, मी स्टेडियममध्ये होते. क्लबने करार वाढवणार नाही असं बारा दिवस आधी जाहीर केलं होतं. त्याला अजून खेळायचं होतं आणि ते त्याने पत्रकार परिषदेत सांगितलंही. लोक भयंकर चिडले होते, अध्यक्ष पालोत्तांच्या नावाने शिट्ट्या चालल्या होत्या. पाऊस होता. रोमाने पार्माला २-१ हरवलं, पण गोलांकडे कुणाचं लक्ष होतं! ८२ व्या मिनिटाला तो बाहेर आला तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा, साठीचे असतील, टोपी काढून उभे राहिले आणि भिजत राहिले. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारत होता आणि लोक जागचे हलत नव्हते.

स्पष्टवक्ता, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण त्या रात्री स्टेडियममधल्या कुणालाही तुम्ही तो सांगू शकला नसता.

स्पष्टवक्ता

अनुजाताई, प्रतिसाद फार आवडला. पण एक बघा, ज्या क्लबासाठी त्याने सगळं सोडलं, त्याच क्लबाने त्याला बारा दिवसांच्या सूचनेवर बाहेर काढलं. माझा मुद्दा तुम्हीच भक्कम केलात. निष्ठा एकतर्फीच असते.

आणि पुढचंही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये मोरिन्योला काढून त्याला कोच केलं. त्याने घसरलेला संघ सावरला, युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेला. जूनमध्ये २०२७ पर्यंतचा करार दिला. सप्टेंबरमध्ये, लीगचे चार सामने झाल्यावर, हकालपट्टी! एकाच माणसाला एकाच क्लबाने दोनदा दार दाखवलं.

अनुजा_रोम

क्लबाने म्हणा, रोमाने म्हणू नका. मालक येतात, जातात. २०१९ मध्ये अमेरिकन पालोत्ता होते, २०२४ मध्ये अमेरिकन फ्रिडकिन. दोन्ही वेळा लोक त्याच्याच बाजूने उभे राहिले. २०२४ मध्ये तर निषेध एवढा झाला की काही दिवसांतच क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. निष्ठा त्याने मालकांना दिली नव्हती, मग ती एकतर्फी कशी?

शिट्टी

अनुजाताई +१००

चर्चगेट_स्लो

वेषांतराची गोष्ट कुणी सांगितली नाही अजून! जानेवारी २०२०, निवृत्ती जाहीर केल्यावर लगेचची डर्बी. आयुष्यभर डर्बी मैदानातून खेळली, चाहत्यांच्या गॅलरीतून पाहायची त्याची हौस राहिली होती. म्हणून चेहऱ्यावर रंगभूषा, खोटं नाक, पिकलेले केस, चष्मा असा म्हातारा होऊन तो थेट कुर्वा सूदमध्ये, रोमाच्या कट्टर चाहत्यांच्या गॅलरीत, जाऊन बसला. चाहत्यांच्या मधोमध. कुणी ओळखलं नाही. नंतर व्हिडिओ आला तेव्हा लोकांना कळलं.

आमच्याकडे वारीत मंत्री टोपी घालून चालतात तेव्हा पुढे कॅमेरा असतो. हा मात्र तिकीट काढून गेला.

मांडवीकाठ

हे माहीत नव्हतं! मस्त.

फळा_खडू

चर्चा छान चाललीय, पण तो खेळायचा कसा यावर कुणी फारसं बोललेलं नाही. मी शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून थोडं.

कोच स्पालेत्तीच्या रोमात तो पिझारोच्या जोडीला डिफेन्सपुढे उभा असे. पिझारो चेंडू खेळवायचा. दे रॉसी जागा भरायचा, चेंडू हिसकावायचा आणि मग अचानक पुढे जाऊन लांबून फटका मारायचा. एप्रिल २००७ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर रोमाचा ७-१ असा धुव्वा उडाला, त्यातला तो एक गोल दे रॉसीचाच. अशा रात्री लोक मान खाली घालून घड्याळ बघतात. हा सहा गोल खाल्ल्यावरही पेनल्टी क्षेत्रात पोचला होता.

२०११ मध्ये रोमाचा कोच म्हणून लुइस एन्रिके आला. त्याने दे रॉसीला दोन सेंटर-बॅकच्या मध्ये मागे ओढून तिथून खेळ उभारायला लावला. ते शिक्षण कामी आलं युरो २०१२ ला. स्पेनविरुद्ध पहिल्याच सामन्यात इटलीचा कोच प्रांदेल्लीने त्याला बोनुची आणि किएलिनी यांच्या मधोमध, तिघांच्या बचावफळीत खेळवलं. स्पेनने त्या दिवशी अस्सल सेंटर-फॉरवर्ड उतरवलाच नव्हता, फाब्रेगास खोटा नऊ नंबर. धरायला माणूसच नाही, मग तिथे बचावपटू उभा करून उपयोग काय? दे रॉसी पुढे येऊन मिडफिल्डर व्हायचा, चेंडू गेला की मागे जाऊन बचावपटू. सामना १-१. मी मुलांना तो सामना दाखवतो. त्याची मान बघा म्हणतो. चेंडू पायात येण्याआधी तो दोनदा खांद्यामागे बघून घेतो. चेंडू आल्यावर विचार करत बसत नाही, तो आधीच झालेला असतो.

आणि मग रोमात कोच म्हणून झेमान आला, त्याने याला बेंचवर बसवलं. त्याला तिथे वेगळा खेळाडू हवा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये झेमान गेला, हा राहिला.

वैद्यबुवा_नागपूर

फळा_खडू, खांद्यामागे बघण्याचं आवडलं. हे लहान मुलांना शिकवता येतं का? माझी भाची खेळते. चेंडू आला की तिची नजर फक्त पायाकडे.

फळा_खडू

येतं. पास देणाऱ्याच्या मागे एकाला उभं करा आणि पास येताना त्याने बोटं दाखवायची. खेळाडूने चेंडू घेण्याआधी मान वर करून आकडा ओरडायचा. नंतर बोटं दाखवणारा खेळाडूच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो, म्हणजे मागे वळून बघावं लागतं. सुरुवातीला चेंडू पायाखालून निसटतो, ओरडू नका. हळूहळू मान आपोआप फिरायला लागते.

रानपाखरू

आता माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. १३ नोव्हेंबर २०१७, सान सिरो. स्वीडनविरुद्ध पात्रता फेरीचा परतीचा सामना. पहिला सामना इटली ०-१ हरलेली. आपल्याकडे रात्री सव्वा वाजता सुरू झालेला. ०-० चालू आहे, इटलीला गोल हवा आहे, नाहीतर १९५८ नंतर पहिल्यांदा विश्वचषक घरी बसून बघायचा. दे रॉसी बेंचवर. कोच वेंचुराच्या मदतनीसाने त्याला वॉर्म-अप करायला सांगितलं. कॅमेऱ्यात सगळं दिसतं. तो चिडून हातवारे करतो, इन्सिन्येकडे बोट दाखवतो. मला कशाला पाठवताय, आपल्याला बरोबरी नकोय, जिंकायचंय, त्याला पाठवा.

त्याचं वय ३४. इटली पात्र ठरली असती तर कदाचित तो त्याचा शेवटचा विश्वचषक ठरला असता. स्वतःची जागा त्याने इन्सिन्येला देऊ केली. इन्सिन्येला उतरवलंच नाही. सामना ०-० सुटला, इटली बाहेर, आणि दे रॉसीने राष्ट्रीय जर्सी उतरवली.

मूळ प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. संघाला काय हवंय आणि मला काय हवंय, यात तो आधी पहिलं बघायचा. असा माणूस जास्त करंडकांसाठी माद्रिदला गेला असता का?

स्पष्टवक्ता

रानपाखरू, हा प्रसंग मलाही फार मोठा वाटतो. तरी मी माझ्या जागी ठाम आहे. संघाला काय हवंय हे एवढं ओळखणारा माणूस एखाद्या जिंकणाऱ्या संघाच्या मधोमध असता तर काय झालं असतं, हे आपल्याला बघायला मिळालं नाही. एक प्रेक्षक म्हणून मला त्याची चुटपुट आहे. हे त्याच्या प्रेमापोटीच म्हणतोय.

मध्यरेषा

स्पष्टवक्ता, ती चुटपुट मलाही कळते. पण थोडंफार बघायला मिळालं आहे. १० एप्रिल २०१८, रोमा विरुद्ध बार्सिलोना.

आठवडाभर आधी काम्प नोवर रोमा १-४ हरलेली. चारपैकी दोन स्वयंगोल, एक दे रॉसीचा आणि एक मानोलासचा. चॅम्पियन्स लीगमध्ये तीन गोलांची पिछाडी, समोर मेस्सी, इनिएस्ता, सुआरेझ. परतीच्या सामन्यात सहाव्या मिनिटाला दे रॉसीने मैदानाच्या मध्यातून बचावफळीच्या डोक्यावरून एक लांब पास टाकला. झेकोने तो पळता पळता घेतला आणि गोल. ५८ व्या मिनिटाला पेनल्टी, घ्यायला पुन्हा हाच. २-०. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर मानोलासचा हेडर. ३-०. ज्या दोघांनी स्वयंगोल केले होते त्या दोघांनीच हिशेब चुकता केला, एकूण ४-४, आणि बाहेरच्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा धरण्याच्या तेव्हाच्या नियमामुळे रोमा उपांत्य फेरीत.

पुढे लिव्हरपूलकडून दोन सामने मिळून ६-७ हरले, तो वेगळा विषय.

पेठेतला_गोली

ती रात्र! आमच्या गल्लीत दोन घरांत टीव्ही चालू होता. मानोलासच्या गोलला खालून आजोबा ओरडले, काय झालं रे म्हणून. सांगितलं, रोमा जिंकली. ते म्हणाले, कुठल्या पेठेची?

अनुजा_रोम

पेठेतला_गोली, हे मी उद्या कार्यालयात इटालियनमध्ये सांगणार आहे. आजोबांना नमस्कार.

वैद्यबुवा_नागपूर

झेकोचा गोल आत्ता शोधून पाहिला. पास टाकायच्या आधी दे रॉसीने मान वर करून एकदाच बघितलंय, आणि चेंडू जमिनीवर पडतो तो थेट झेकोच्या पुढ्यात. भाचीला पाठवला. तिचा प्रश्न आला की या दाढीवाल्याचा पूर्ण सामना कुठला बघू. बार्सिलोनाचा बघायला सांगू की फळा_खडू म्हणतात तो स्पेनचा?

फळा_खडू

आधी स्पेनचा. पहिली वीस मिनिटं चेंडूकडे बघूच नको म्हणावं, फक्त १६ नंबरकडे.